वेगळी चूल, वेगळं मीटर

…आन् वर मलाच म्हणत्यात, "आण्णा, तुमी गावातली घरं फोडली." घ्या. मी. ज्यानं उभ्या जल्मात कुणाच्या बांधाचा दगड इकडचा तिकडं केला न्हाय, त्यानं घरं फोडली. बरं, त्याच्या आधल्या महिन्यात हीच माणसं काय म्हणत होती? "आण्णा, तुमी गाव जोडलं." म्हंजी जोडलं तेबी मी आन् फोडलं तेबी मी. आन् मी करत काय होतो? नुसता विजेचा दर ठरवत होतो.

थांबा, पयल्यापासनं सांगतो, मधी कुणी बोलू नका, न्हायतर माझं कुठं होतं तेच इसरतं. आमची वाडी भिगवणच्या पुढं, पळसदेवच्या अलीकडं. उजनीचं पाणी दारात, पण मोटार चालवायची तर लाईट न्हाय. मग गावानं इचार केला की दुसऱ्याच्या लाईटची वाट बघत किती दिवस बसायचं? काढली सहकारी संस्था. गायरानावर दीड एकरात सोलरच्या पाट्या, एका खोलीत बॅटऱ्या, दोनशे चाळीस सभासद. वीज आमची, तारा आमच्या, संस्था आमची. आता आपलीच वीज आपल्यालाच कितीला द्यायची, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. एवढंच म्हणे.

सभा भरली. चेअरमन इजयसिंह, म्हंजी कागदावर विजयसिंह, माइक हातात घेऊन उभा राहिला. ह्या माणसाला माइक दिला की परत घ्यायला जेसीबी लागतो. म्हणला, "बंधूंनो आन् भगिनींनो, दर असा पायजे की कुणावर अन्याव न्हाय. आन् त्यो ठरवायला माणूस असा पायजे की ज्याच्यावर सगळ्या गावाचा इस्वास." आन् सगळी मुंडकी वळली माझ्याकडं. का? तर मी एकतीस वर्षं कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून होतो, आन् एकतीस वर्षांत कुणाच्या गाडीचं किलोभर वजन मागंपुढं केलं न्हाय. ह्याच इजयसिंहाच्या बापाची गाडी एकदा काट्यावर आली, तर मी ड्रायव्हर, क्लीनर आन् क्लीनरचा डबा, तिघं खाली उतरवून वजन केलं. बाप दोन वर्षं माझ्याशी बोलला न्हाय. त्याचं फळ ते हे. दर समिती झाली. समितीत दोन माणसं, एक मी आन् दुसरा साहेबराव.

साहेबराव म्हंजी रिटायर लाइनमन. निम्मं आयुष्य खांबावर काढलेला माणूस, त्यामुळं जमिनीवरच्या माणसांशी कमी बोलतो. पण बोलला की नेमकं बोलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आला, जय भीम केला, बसला आन् म्हणला, "आण्णा, नुसता युनिटवर दर लावला तर जो घराला कुलूप लावून पुण्यात राहतोय, त्येला बिल शून्य. पण दिवाळीला आला की त्येला पंखा पायजे, गिझर पायजे. तार त्येच्यासाठी वर्षभर टांगून ठेवायची. तारेचं पैसं कुणी द्यायचं?" बरोबर हाय का न्हाय? मला पटलं. मग मला सुचली जत्रेची वर्गणी. आपल्याकडं वर्गणी कशी काढत्यात? उंबऱ्यामागं. तुमी तमाशाला बसा न्हायतर बसू नका, उंबरा हाय ना, मग काढा. तसंच दर मीटरमागं महिन्याला दोनशे रुपये, आन् वापराचे वर थोडे. सभेत मांडलं, एकानं इरोध केला न्हाय, टाळ्या झाल्या. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या मी.

आठ दिवसांत माझ्या दारात रांग. सगळ्यांत पुढं कोण, तर शंभूराज आन् राम. सख्खे भाऊ. बांधावरनं भांडण, चौदा वर्षं तोंड बघत न्हवते एकमेकाचं. शंभूराजच्या पोरीची वरात रामच्या दारावरनं जाऊ नये म्हणून ओढ्यातनं नेली होती, नवरदेव घोड्यासकट चिखलात रुतला, आठवतंय का? ते दोघं एका मोटारसायकलवर बसून आले. मागच्यानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवलेला. मला म्हणत्यात, "आण्णा, आमचं एक मीटर करा. भाऊ भाऊ हाय आमी." तुमाला सांगतो, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी म्हणलं, "साहेबराव, बघ, विजेनं माणसं जोडली." साहेबराव म्हणला, "आण्णा, आदी वायर बघा."

बघायला गेलो. शंभूराजच्या स्वयंपाकघरातनं निघालेली वायर बाभळीला गुंडाळून, बांधावरनं, रामच्या गोठ्यावरनं, त्याच्या खिडकीत. आन् हे काय एकच घर? मीटरमागं दोनशे वाचत्यात म्हणल्यावर चुलते पुतणे एक झाले, साडू साडू एक झाले, एक तर सोयरीक मोडलेले व्याही एक झाले. दोनशे चाळीसाची एकशे तीस मीटरं राहिली. वाडीभर वायरी लोंबत्यात, हिकडं फ्रिज लावला की तिकडं टीव्ही बंद पडतोय, पण इजयसिंहानं वेशीवर बोर्ड लावला, "भाऊबंदकीमुक्त गाव". त्येचा फोटो दारायेवढा, माझा तिकिटायेवढा. साहेबराव म्हणला, संस्थेची आवक निम्मी झाली. मी म्हणलं, आरं पण गाव एक झालं की! मला काय ठावं? मी नुसता विजेचा दर ठरवत होतो.

मग आली ताईबाई. ताईबाई एकटी राहती, भिगवणच्या बाजारात मासळी इकती. घरात एक बल्ब, एक पंखा. बिल आलं दोनशे चाळीस. ओट्यावर बसली, कागद माझ्यापुढं ठेवला आन् आवाज न चढवता म्हणली, "आण्णा, बल्ब लावते त्येचे चाळीस, ते कळलं मला. पण दोनशे कशाचे? आन् एक मीटर करायचं म्हणलं तर मी कुणाबरूबर करू? मला दीर न्हाय, जाऊ न्हाय. ज्याला भांडायलाबी कुणी न्हाय, त्यानं जास्त भरायचं, असा दर हाय का तुमचा?"

त्या दिवशी मला घास गेला न्हाय. खरं होतं बाईचं. मग साहेबरावनं जिना काढला. म्हंजी पयली पन्नास युनिटं एकदम स्वस्त, पुढची जरा म्हाग, त्येच्या पुढची लई म्हाग, आन् ते दोनशे रद्द. कमी जाळणारा वाचतोय, जास्त जाळणारा भरतोय. किती न्यायाचं? पण मी म्हणलं, साहेबराव, ह्यात एक भोक हाय. लोकं घरात चार चार मीटरं घेतील आन् प्रत्येक मीटरवर स्वस्तातली पन्नास युनिटं खातील. म्हणून मी नियम घातला. वेगळी चूल असंल, तरच वेगळं मीटर. ही अक्कल माझी. साहेबरावची न्हाय, इजयसिंहाची न्हाय, निव्वळ माझी. लिहून ठेवा कुठंतरी.

सभेत मंजूर झालं दुपारी, आन् दिवस मावळायच्या आत शंभूराजनं पकडीनं वायर तोडली. राम म्हणला, "मी तोडणार होतो, तू का तोडलीस?" त्येच्यावरनं परत अबोला. आन् चुली? आवो, वाडीत गवंडी मिळंना. पडवीत चूल, माळवदावर चूल, जिन्याखाली चूल. बाप आन् लेक वेगळे. सासू आन् सून वेगळ्या, त्या तर हसत हसत झाल्या. नवरा बायको एका खोलीत, मधी पडदा, पडद्याच्या अल्याड एक शेगडी आन् पल्याड एक शेगडी. एकाच्या गोठ्यात चूल दिसली. मी इचारलं, ही कुणाची? म्हणला, आज्ज्याची. म्हणलं, आज्जा कुठं हाय? म्हणला, "त्यो वारला की मागच्या साली, पण त्येच्या नावानं ठेवलीय."

आता ह्यात खरी चूल कुठली आन् दाखवायची कुठली, हे वळखायचं कसं? राखेत हात घालून बघितलं, तर लोकं शेजारनं गरम राख आणून टाकायला लागली. मग मी म्हणलं, चहा करून दाखवा. समिती आली की त्या चुलीवर समितीच्या डोळ्यांदेखत चहा झाला पायजे. झालं. पयल्या दिवशी एकोणीस चहा पिलो मी. आल्याचा, बिनआल्याचा, शेळीच्या दुधाचा, गुळाचा, एके ठिकाणी तर मिठाचा, कारण त्या बाईनं त्या चुलीपुढं पाय पयल्यांदाच ठेवला होता, डबा कुठला कशाचा हेच तिला ठावं न्हाय. दुसरी भिताडावरनं वरडती, "आत्याबाय, साखर द्या जरा, ते चूल बघायला आल्यात." इजयसिंहाच्या बंगल्यात पाच चुली. पाचवी गॅरेजमधी, गाडीच्या आन् ट्रॅक्टरच्या मधी. तितं त्येची मंडळी नऊवारी सावरत उकिडवी बसून चहा ढवळतीय, आन् ह्यो म्हणतोय, "आण्णा, आमच्यात आता पयल्यासारखं राहिलं न्हाय." मी साहेबरावकडं बघितलं, साहेबरावनं कपाकडं बघितलं. नियमात काय होतं? चहा झाला पायजे. चहा झाला. मंजूर. एकशे तीस मीटरांची झाली तीनशे सत्त्याहत्तर, माझी साखर गेली दोनशे ऐंशीवर, डॉक्टर म्हणला, धंदा काय करता? म्हणलं, विजेचा दर ठरवतो.

आन् आता माझं घर. हितं जरा नीट ऐका, कारण आतापातूर हसायचं होतं.

माझ्या घरात अकरा माणसं. मी, माझी मुक्ताबाई, आमचा लेक, सून, दोन नातवंडं. थोरले बंधू गेणबा आबा, वहिनी, त्येंचा लेक, सून. आन् आमची आई, कुशाबाई, पंच्याऐंशीची. चूल एक. आबानं सातवीतनं शाळा सोडली आन् औत धरलं, का, तर मी मॅट्रिक व्हावं. मी काट्यावरच्या खुर्चीत बसलो ते आबाच्या पाठीवर बसून. आन् वडील गेले तवा आईनं दोघांना चुलीपुढं बसवलं, तव्याला हात लावायला लावला, तवा गरम होता, आन् म्हणली, "मी हाय तवर एकाच तव्यावरची भाकरी खायाची." आमी खाल्ली. तीस वर्षं. भांडण न्हाय, तंटा न्हाय. गावात कुणाची वाटणी निघाली की लोक आमचं घर दाखवायचे.

त्या घराचं बिल आलं एकोणीसशे. अकरा माणसं एका मीटरवर म्हणल्यावर आमी जिन्याच्या पार वरच्या पायरीला. आन् इजयसिंहाचा बंगला, चार एसी, पाच चुली, पाच मीटरं, सगळं मिळून आठशे. आबानं बिल हातात घेतलं, चष्मा लावला, काढला, परत लावला. मग म्हणला, "जोत्या, तुझ्या हिशेबात एकत्र राहणं हा गुन्हा हाय का?"

मी धावत साहेबरावकडं गेलो. म्हणलं, जिना मीटरवर नको, माणशी लावू. घरात माणसं किती, त्या मानानं स्वस्त युनिटं. साहेबराव म्हणला, हे बरोबर हाय. सभेत मांडलं. इजयसिंह उठला, "म्हंजी आता माणसं मोजणार व्हय? उद्या पोटातलं पोर मोजा म्हणाल." दुसरा म्हणला, रेशनकार्डावर माझी माणसं नऊ हायेत. मी म्हणलं, त्यातली तीन वारली, मी स्वतः मातीला आलो होतो. म्हणला, "कार्डावर हायेत ना?" आन् शेवटी सगळ्यांचं एकच, आमी चुलींवर खर्च केलाय, विटा आणल्यात, गवंड्याला पैसं दिल्यात, आता दर बदलायचा न्हाय. मार्चपातूर हाच दर. हात वर. तीनशे सत्त्याहत्तर मीटरांचं ते गाव, एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मी, साहेबराव आन् ताईबाई.

घरी आलो. आबा म्हणला, "जाऊ दे. आपणबी कागदावर येगळं होऊ. पडवीत एक आडोसा घालू, एक शेगडी ठेवू, साहेबराव आला की चहा पाजू. सांजच्याला सगळी एकाच ताटात." किती सोपं होतं, बघा. सगळ्या गावानं हेच केलं होतं. व्हय म्हणायचं आन् गप बसायचं. पण मी कोण? मी काट्यावरचा माणूस. मी म्हणलं, "आबा, गावाच्या खोट्या चुली हुडकायला मी राखेत हात घातला, आन् माझ्याच घरात खोटी चूल? मला जमणार न्हाय. येगळी म्हणायची तर ती येगळी पेटली पायजे, दोन्ही येळंला, रोज." मुक्ताबाई आतनं म्हणली, "आवो, गप बसा की." न्हाय बसलो. आबानं बिलाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणला, बरं.

साहेबराव फॉर्म घेऊन आला. एका चुलीत सहा नावं लिहिली, दुसऱ्या चुलीत चार. आन् थांबला. आई कोपऱ्यात बसली होती, तिनं इचारलं, "मी कुठल्यात?" आबा माझ्याकडं बघतोय, मी आबाकडं. आई म्हणली, "एक महिना हितं, एक महिना तितं लिही. पाण्याची लावता तशी माझी पाळी लावा." साहेबरावनं पेन खाली ठेवलं. हळूच म्हणला, आजी, फॉर्मात तसा रकाना न्हाय. मला त्या येळंला जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. आन् मी काय केलं होतं? नुसता विजेचा दर ठरवला होता.

मग वहिनींनी पडवीतल्या चुलीवर चहा केला. साखर कुणाला मागितली न्हाय. साखरंचा डबा, पत्तीचा डबा, चिमटा, फडकं, सगळं त्येंनी त्येंच्या हातानं त्येंच्या जागंला लावलं होतं. साहेबराव एक घोट घेऊन म्हणला, "आण्णा, एवढ्या सगळ्यांत ही चूल खरी हाय." मला बरं वाटलं. खरंच सांगतो, त्या येळंला मला अभिमान वाटला, म्हणलं, बघा, नियम असा पाळायचा असतोय.

मार्च आला. संस्था बसली की हो खाली. बसणारच. गावात एक माणूस पन्नास युनिटांच्या वर जाईना, सगळं गाव गरीब. परत सभा. जिना रद्द, चुलीचा नियम रद्द. सगळ्यांना एकच दर, मीटरमागं थोडेच पैसं, आन् ताईबाईसारखा ज्याचा वापर एका बल्बाचा, त्येला तेबी माफ. हे साहेबरावनं एका कागदाच्या पाठीवर पाच मिनिटांत लिहिलं. मी इचारलं, आरं हे आदीच का न्हाय सुचलं? म्हणला, "आदी कुणी ऐकलं नसतं." टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वाडीत नुसता धुरळा. पडवीतले आडोसे पाडले, जिन्याखालच्या चुली फोडल्या, शेगड्या भिगवणच्या भंगारवाल्याकडं. पडद्याच्या अल्याडचा नवरा पल्याड गेला. बंगल्याच्या गॅरेजात परत गाडी लागली. तीनशे सत्त्याहत्तर चुलींतल्या शंभरावर चुली एका दिवसात मेल्या, कारण त्या कधी जित्या न्हवत्याच.

मी पळत घरी. दारातनंच म्हणलं, "वहिनी, सुटलो. उद्यापासनं एक चूल." वहिनी पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणल्या, "राहू द्या भाऊजी. आता बसलंय सगळं. ह्यांना तिखट सोसत न्हाय, तीस वर्षं मुक्ताच्या हातचं गपगुमान खाल्लं. आता बरं पडतंय." तीस वर्षं. आन् मला कुणी सांगितलं न्हाय. मी आबाकडं बघितलं. आबा भुईकडं बघत म्हणला, "असू दे की जोत्या. भांडण कुठं हाय?" आन् खरंच की हो, भांडण कुठं हाय? भांडण असतं तर मिटवलं असतं. चार पंच बोलावले असते. आता पंचांना काय सांगू, की आमचं सगळं नीट चाललंय, जरा येऊन मोडा? आई ह्या महिन्यात त्येंच्याकडं हाय. एक तारखंला वळकटी काखंत मारून हिकडं येईल. एक दिवस चुकवत न्हाय. पाळीला लई पक्की हाय.

काल सांजच्याला मोबाईल वाजला. वहिनींचा. एका कानानं मोबाईलमधी ऐकू येतंय, दुसऱ्या कानानं भिताडावरनं. "भाऊजी, उद्या दुपारी आमच्याकडं जेवायला या, मुक्तालाबी आणा." आमच्याकडं. एकसष्ट वर्षांचा झालो, त्या पडवीत रांगलो, त्या पडवीत माझं बाशिंग बांधलं, आन् तितं यायचं मला आमंत्रण. मी म्हणलं, येतो. आज दुपारी टोपी घालून निघालो, तर मुक्ताबाई दारात आडवी. म्हणली, "मोकळ्या हातानं कुणाच्या घरी जात्यात का?"

मग काय, चौकात जाऊन डझनभर केळी आणली.